तिसऱ्या टेबलावरचा सप्लाय

शुक्रवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. अफीफा फरशीवर बसून कॅबिनेटच्या पाठीचा शेवटचा स्क्रू सोडवत होती. सुटलेला स्क्रू तिने चहाच्या बशीत टाकला आणि जळका पॉवर सप्लाय तारांच्या जुडग्यासकट बाहेर ओढला. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा हा पत्र्याचा डबा. त्याच्या जाळीला कापसाच्या धुळीचा करडा थर चिकटला होता. डबा हलवला तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. तिने तो दाराबाहेर ठेवून दिला.

भिंतीपलीकडच्या शेडमधले कापड विणायचे लूम बंद होते. भिवंडीत शुक्रवारी लूमला सुट्टी. एरवी या खोलीत शिकवायचं म्हणजे ओरडावं लागतं. फळ्यावर लिहून दाखवलेलं तेवढं खरं. शुक्रवारी मात्र शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी ऐकू येते. म्हणून गावातली दुरुस्तीची सगळी कामं याच दिवशी निघतात. मोटर खोलायची, पट्टा बदलायचा, छपराचा पत्रा ठोकायचा, सगळं शुक्रवारी. उडता कापूस खाली बसलेला असतो आणि मिस्त्री मोकळा असतो. अफीफानेही तोच दिवस धरला होता. दुसरा दिवस धरावा असं इथे कुणाच्या मनात आलं नसतं.

तिला घाई होती ती शनिवारची. दोन हजार चार सालचा सप्टेंबर चालू होता आणि शनिवारी ठाण्याहून कॉम्प्युटरची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा माणूस खोली बघायला येणार होता. एका खोलीत निदान तीन चालू कॉम्प्युटर हवेत, ही त्यांची अट. तीन असले तर मुलींची परीक्षा इथेच होणार. नसले तर त्यांनी कल्याणला जायचं. कल्याण काही परदेश नाही, बस आहे, रिक्षा आहे. पण अफीफाकडे येणाऱ्या बहुतेक मुलींना घरून होकार मिळाला होता तो क्लास जवळ आहे एवढ्याच बळावर. वडपे गावच्या मृणालीच्या आईने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "भिवंडीपावत धाडीन. त्याच्या फुडं न्हाय."

हे 'फुडं न्हाय' अफीफाला नवं नव्हतं. ती स्वतः कॉम्प्युटर शिकली कल्याणला, अब्बांच्या स्कूटरवर मागे बसून. ऐन परीक्षेच्या दिवशी कारखान्यात मोटर जळली, अब्बांना निघता येईना, आणि एकटीने जायचा विषयही कुणी काढला नाही. परीक्षा गेली. पुढची सहा महिन्यांनी झाली, तिला ती बसली आणि पास झाली. बी.ए.ची पदवी, हे प्रमाणपत्र आणि तीन जुने कॉम्प्युटर एवढ्या भांडवलावर तिने सत्ताविसाव्या वर्षी क्लास काढला. खोली अब्बांची, पूर्वी सूत ठेवायची.

अब्बा म्हणजे अय्यूब. चोवीस लूमचा धनी, बोलायला कमी. त्याने खोली दिली ती एका वर्षाच्या बोलीवर. वर्ष भरत आलं होतं. गुरुवारी जेवताना तो म्हणाला, "परीक्षा इथे झाली नाही तर मुली येणार नाहीत. मुली आल्या नाहीत तर खोली काय करायचीय? उद्या संध्याकाळपर्यंत सांग. शनिवारी दुपारी सुताचा टेम्पो येतोय, उतरवायचा कुठे ते मला ठरवावं लागेल." त्यात राग नव्हता, धमकीही नव्हती. ओल धरणाऱ्या माळ्यावर सूत ठेवून तो वर्षभर नुकसान सोसत होता, हे अफीफाला ठाऊक होतं.

नवा सप्लाय तिने खोक्यातून काढला. गुरुवारी कल्याणच्या दुकानातून तिने असे दोन आणले होते. दुकानदाराने पावती करताना गाव विचारलं आणि पेन थांबवलं होतं.

"भिवंडी? मग गॅरंटी नाही, मॅडम."

"का? भिवंडीची वीज वेगळी असते?"

"वीज माहीत नाही. तुमच्याकडे हे टिकत नाहीत एवढं माहीत आहे. कापूस जातो आत."

"मग दोन द्या," ती म्हणाली होती.

काम तिने शिस्तीत केलं. प्लग काढलेला होताच. तरी तिने कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण दाबून आत उरलीसुरली वीज असेल ती जाऊ दिली. अंगातली वीज जावी म्हणून लोखंडी खिडकीला हात लावला. डबा जागेवर सरकवला, चार स्क्रू बसवले. पाठीमागचा छोटा लाल खटका २३० वर आहे ना ते पाहिलं. मग तारा. सगळ्यात रुंद जोड मदरबोर्डचा, वीस छिद्रांचा. त्याची कडी एकाच बाजूला असते, उलटा लावू म्हटलं तरी लागत नाही. तो खट्ट करून बसला. त्याच्याजवळ प्रोसेसरचा चौकोनी जोड. मग हार्डडिस्क, सीडी, सर्वांत लहान फ्लॉपीचा. मोकळ्या तारा तिने रबरबँडने बांधून कडेला सारल्या, पंख्यात अडकू नयेत म्हणून. सगळं पुन्हा एकदा बोटाने चाचपलं आणि प्लग लावला.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. अफीफाने श्वास सोडला तोच फटाका फुटावा तसा आवाज झाला. डब्यातून निळसर धूर निघाला आणि खोलीभर जळक्या मासळीसारखा वास पसरला.

पहिला आला तो सावळाराम. अंबाडीकडचा हा माणूस अय्यूबच्या कारखान्यात जॉबर होता. लूम लावणं, बिघडले तर सरळ करणं हे त्याचं काम. शुक्रवारी तो शेडमध्ये एकटाच खटपट करत असे. आला तो हातात पाना घेऊनच.

"काय फुटला गो?"

"सप्लाय."

"नवा?"

"नवा."

त्याने वाकून पाहिलं, नाक मुरडलं. "लूम बरा बाबा. बिघडला तर निदान वास न्हाय मारत."

मागोमाग अय्यूब आला. त्याने धूर पाहिला, मुलगी धड आहे ते पाहिलं, आणि मग विचारलं, "ते कल्याणचं पोरगं कुठंय, मागच्या वेळी दुरुस्तीला आलेलं?"

"सोमवारशिवाय येणार नाही म्हणतो."

"मग हात कशाला लावलास?"

"सोमवारी येऊन तो काय करणार, अब्बा? मागच्या वेळी त्याने लावलेलाही फुटलाच की."

अफीफाने प्लग काढला, उडालेल्या फ्यूजची तार बदलली, आणि पहिला संशय स्वतःवरच घेतला. एकेक जोड पुन्हा सोडवून पाहिला. कडी बरोबर होती. एकही पिन वाकलेली नव्हती, स्क्रू कुठे आत पडला नव्हता, लाल खटका २३० वरच होता. चूक सापडली असती तर तिला बरं वाटलं असतं. जी चूक सापडते ती पुन्हा होत नाही. इथे हातात उरला होता एक सप्लाय, आणि तोही याच वाटेने गेला तर शनिवार संपला.

"दुसरा हाय ना? लाव की," सावळाराम म्हणाला. "एखादा नग खराब निघतो."

"तीन नग खराब निघत नाहीत, काका."

"मग कापूस."

"नव्या डब्यात कापूस कधी गेला? चार सेकंदांत?"

सावळारामने खांदे उडवले. अय्यूब खुर्ची ओढून बसला. जुम्म्याच्या नमाजाला अजून वेळ होता. अफीफा तिन्ही वेळा आठवून पाहू लागली. पहिला सप्लाय ऑगस्टमध्ये फुटला. परीक्षेची तयारी म्हणून तिने मुलींना सुट्टीच्या दिवशी सरावाला बोलावलं होतं आणि या टेबलावर मृणाली बसली होती. 'टीचर, मी काही न्हाय केला,' म्हणून ती रडकुंडीला आली होती. दुसरा फुटला कल्याणचं पोरगं दुरुस्ती करत असताना. तिसरा आज. आणि या मशीनवर महिनोन् महिने, शनिवार ते गुरुवार, मुली बसत होत्या तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

"तिन्ही शुक्रवारी फुटले," ती म्हणाली.

सावळाराम हसला. "कॉम्प्युटर पण जुम्म्याची सुट्टी मागतो काय, शेट?"

"मागू दे," अय्यूब म्हणाला. "तू नाही मागत तेवढं बरंय."

"अगो, दुरुस्ती शुक्रवारीच करायची म्हटल्यावर फुटणार कधी? शुक्रवारीच. गाडी काय, गॅरेजातच खोललेली दिसते."

"पहिला दुरुस्तीत नाही फुटला. मृणाली टाइप करत होती."

सावळारामने पाना टेबलावर ठेवला.

टेबलावर ठेवलेली पावती उडून खाली आली. अय्यूबने ती उचलून स्क्रूच्या बशीखाली दाबली. "पंखा कमी कर जरा."

"दोनवरच आहे, अब्बा," अफीफा म्हणाली आणि वर पाहिलं.

पंखा दोनवर होता आणि चारवर असल्यासारखा फिरत होता. रोज या वेळी, लूम चालू असताना, तो पाचवर ठेवूनही मुली वहीने वारा घेत. अफीफा पंख्याकडे बघत राहिली. मग भिंतीवरच्या तारेकडे. खोलीतले पहिले दोन कॉम्प्युटर घरच्या मीटरवर होते, बॅटरीच्या डब्यांना जोडलेले. तिसऱ्या टेबलाला आणि पंख्याला मात्र लाइन आली होती ती शेडमधून. चोवीस लूम ज्या लाइनवर चालतात, तीच.

"काका, तुमचा मीटर द्या."

सावळारामचा मीटर मोटरी तपासायचा, पिवळा, एका बाजूने फुटलेला आणि चिकटपट्टी लावलेला. त्याने तो दिला, पण हातातून सोडला नाही. "ह्या तारांची पेनं भिंतीच्या बोर्डात घाल. नुसती टोकं. बोटं मागं."

मीटरवर आकडा आला दोनशे बावन्न व्होल्ट.

"हां, मग?" सावळाराम म्हणाला. "लूम बंद, लाइनीवर ओढ न्हाय. शुक्रवारी चढतोच थोडा. पण दोनशे बावन्नला काय फुटणार न्हाय."

नव्या डब्यावरच्या चिठ्ठीत वरची मर्यादा दोनशे चौसष्ट लिहिली होती. अफीफाने ती वाचली, पुन्हा बोर्डाकडे पाहिलं, आणि मग तिची नजर टेबलाखाली गेली. प्लग बोर्डात जात नव्हता. मध्ये बूस्टर होता.

बूस्टर म्हणजे उतरलेली वीज चढवून देणारी, टोस्टरएवढी एक लोखंडी पेटी आणि तिच्या तोंडावर कळ. कळीला शून्यापासून पाचपर्यंत आकडे. उन्हाळ्यात, सगळे लूम चालू असताना, या लाइनीवर वीज इतकी उतरे की तिसरा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडे. म्हणून एप्रिलमध्ये हा बूस्टर आणला. भिवंडीत टीव्हीला, फ्रिजला, शिलाईच्या मशीनला असे बूस्टर घरोघर असतात. वीज कमी पडते हे दुखणं सगळ्यांना माहीत, त्याचं औषध सगळ्यांकडे. ती जास्तही होऊ शकते याची कुणी धास्ती घेतलेली नसते. कळ तीनवर ठेवली की कॉम्प्युटर नीट चाले. मग एका मुलीने खेळता खेळता ती फिरवली म्हणून अफीफाने कळीवर चिकटपट्टी मारून टाकली. ती अजून तशीच होती.

तिने मीटरची टोकं बूस्टरच्या मागच्या भोकांत घातली. दोनशे एक्क्याण्णव.

तिघांनीही आकडा पाहिला.

"पट्टी कोणी मारली?" अय्यूबने विचारलं.

"मी."

तिने नखाने पट्टीचं टोक उचललं. पाच महिन्यांच्या उष्णतेने गोंद वितळून घट्ट बसला होता. पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघाली. कळ तिने तीनवरून दोनवर, एकवर आणि शून्यावर आणली. मीटर दोनशे बावन्नवर आला आणि थांबला.

"चला, सापडला चोर," सावळाराम म्हणाला. "लाव आता दुसरा, दाब बटण."

"नाही."

"का न्हाय?"

"तिसरा फुटला तेव्हा मदरबोर्ड वाचला की नाही ते कुठे माहीत आहे? तो आत शॉर्ट असेल तर हाही जाईल. आधी सप्लाय एकटा चालवून बघते."

"एकटा कसा चालल? बटण तर कॉम्प्युटरला."

अफीफाने दुपट्ट्याची पिन काढली. ती सरळ केली, मग इंग्रजी यू सारखी वाकवली. दुसरा डबा खोक्यातून काढून फरशीवर ठेवला. त्याला जुनी, निकामी सीडी जोडली, नुसतं काहीतरी ओझं म्हणून. मग रुंद जोडातली एकुलती हिरवी तार शोधली आणि पिनेचं एक टोक तिच्या छिद्रात, दुसरं शेजारच्या काळ्या तारेच्या छिद्रात घातलं, म्हणजे डब्याला वाटावं कॉम्प्युटरचं बटण दाबलंय. ही युक्ती कल्याणच्या पोराने मागच्या वेळी तिच्यादेखत केली होती, तारेच्या तुकड्याने. तो काय करतोय ते सांगत नव्हता. ती बघत होती.

"सगळे मागे सरा," ती म्हणाली. अय्यूबने खुर्ची मागे घेतली. सावळाराम दारात जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "मी भिलो न्हाय. मना उजेडात नीट दिसतो."

तिने बोर्डावरचं बटण खाली केलं. डब्यातला पंखा एकदा अडखळला आणि फिरू लागला. तिने पिवळ्या तारेवर मीटर लावला: बारा. लालवर: पाच. जेवढे हवेत तेवढेच.

एक मिनिट गेलं. चार गेली. मागचा जेवढ्या वेळात फुटला तेवढा वेळ केव्हाच उलटला. अय्यूब उठला. "मी जुम्मा पढून येतो. घाई करू नको."

"नाही करत. तुम्ही येईपर्यंत असाच चालू ठेवणार आहे."

"आणि जेवण?"

"अम्मीला सांगा झाकून ठेवायला."

सावळारामही मीटर तिथेच ठेवून शेडमध्ये गेला. अफीफा भिंतीला टेकून बसली. अधूनमधून बोर्डात मीटर घालून पाही. दोनशे बावन्न, दोनशे अठ्ठेचाळीस, पुन्हा दोनशे बावन्न. मशिदीतून खुतब्याचा, नमाजाआधीच्या प्रवचनाचा, आवाज येऊ लागला आणि थांबला. डब्याला हात लावला तर तो कोमट होता, गरम नव्हता. या सगळ्या वेळात, डबा कॅबिनेटमध्ये टाकून एकदाचं बटण दाबावं असं तिला वाटलं नाही असं नव्हे. पण मदरबोर्डची परीक्षा एकदाच घेता येणार होती, आणि त्या आधी सप्लायवर तिचा पुरता भरवसा बसायला हवा होता.

अय्यूब परतला तेव्हा पंखा फिरतच होता. त्याने टोपी खिशात घातली आणि खुर्ची ओढली. सावळाराम त्याच्या मागे डोकावला.

अफीफाने वीज बंद केली, पिन काढली. फुटलेला डबा सोडवला, नवा बसवला. स्क्रू, वीस छिद्रांचा जोड, चौकोनी जोड. हार्डडिस्क, सीडी आणि फ्लॉपी तिने मुद्दाम जोडल्या नाहीत. जळलंच तर निदान मुलींचं काम वाचावं. मॉनिटर लावला. बूस्टरची कळ शून्यावर असल्याचं पुन्हा पाहिलं. मग बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"गेला," सावळाराम हळूच म्हणाला.

अफीफा कॅबिनेटच्या मागे वाकली. डब्याच्या पाठीवर स्वतःचं एक बटण होतं, ते पिनेची चाचणी संपवताना तिनेच बंद केलं होतं. ते तिने खाली केलं आणि पुढचं बटण पुन्हा दाबलं. पंखा फिरला. कॉम्प्युटरने एकदाच, आखूड, 'टी' असा आवाज दिला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि हार्डडिस्क सापडत नाही अशी तक्रार करत थांबली.

"काय म्हणतो?" अय्यूबने विचारलं.

"हार्डडिस्क नाही म्हणतो. खरं बोलतोय, मी लावलीच नाही."

मग तिने एकेक जोड लावला, प्रत्येक वेळी आधी वीज बंद करून. दुपार कलली तेव्हा तिसरा कॉम्प्युटर पुरा चालू होता. मृणालीची अर्धवट टाइप केलेली पानं जिथल्या तिथे होती. अफीफाने दुसरी चिकटपट्टी घेतली, कागदाच्या कपट्यावर लिहिलं, 'लूम चालू: तीन. लूम बंद: शून्य. वीज गेली की लगेच शून्य.' आणि तो कपटा कळीच्या वर, भिंतीवर चिकटवला.

अय्यूबने तो वाचला. "हे रोज कोण फिरवणार? मुली विसरतील."

"मी फिरवीन. मुलींना हात लावू देणार नाही."

"आणि उद्या तो ठाण्याचा माणूस बसला असताना वीज गेली तर?"

"गेली की शून्य. आली की लूम लागेपर्यंत थांबायचं, मग तीन. त्यालाही सांगेन का थांबलोय ते. लपवायचं काय त्यात?"

अय्यूबने खिशातून मोबाइल काढला, दाराकडे गेला आणि टेम्पोवाल्याचा नंबर लावला. "हां, अय्यूब बोल रहा हूँ. कल माल इधर नहीं उतारना. वडपे के गोदाम में डाल दे. हां, वहीं. भाडा मैं देख लूँगा." फोन ठेवून तो मुलीकडे वळला. "एक महिना. निकाल येईपर्यंत. माळ्यावर अजून एक पावसाळा सूत नाही ठेवणार मी."

"एक महिना पुरे," अफीफा म्हणाली.

सावळाराम मीटर गुंडाळत होता. तिने त्याच्यापुढे हात केला.

"हा राहू दे उद्या सकाळपर्यंत."

"वा गो! माझा मीटर, तुझा मुक्काम?"

"तीनवर कळ एप्रिलमध्ये ठेवली, तीही अंदाजाने. आता सप्टेंबर आहे. लूम लागल्यावर आकडा किती उतरतो ते मोजून कळ ठरवायचीय. शून्यावर ठेवून एकेक घर वाढवत नेणार."

"मना सकाळी मोटरीला लागतो."

"मग मीटर घेऊन तुम्हीच या. आधी इथे, मग मोटर."

सावळारामने अय्यूबकडे पाहिलं. अय्यूब बशीतला एक जास्तीचा स्क्रू बोटांत फिरवत होता. तो म्हणाला, "मोटर दहा मिनिटं थांबेल."

"किती वाजता येऊ?" सावळारामने विचारलं.

"लूम लागायच्या आधी."

शनिवारी पहिली पाळी सकाळी सातला लागते.